काटकसरीची चूल

राज्यांचे जमाखर्च इतिहासकारांनीं पुष्कळ तपासले. स्वयंपाकघराचा जमाखर्च मात्र फारसा कोणीं उलगडून पाहिला नाहीं. वास्तविक सामान्य कुटुंबाच्या मिळकतीचा मोठा वांटा ज्या गोष्टी आजवर खात आल्या, त्यांत अन्न आणि सरपण यांचें स्थान पहिलें. पैकीं अन्नाचा इतिहास दुष्काळांच्या निमित्तानें तरी लिहिला गेला. सरपणाच्या वांट्यास तेवढेंहि भाग्य आलें नाहीं. डाळ लवकर कशी शिजवावी, गॅसचा सिलिंडर आणखी आठ दिवस कसा पुरवावा, तांदळांतलें सत्त्व वांयां कसें जाऊं देऊं नये, हे प्रश्न बायकांच्या बोलण्यांतले म्हणून आपण पुरुष मंडळी बाजूस सारतों. परंतु याच प्रश्नांवर गेल्या साडेतीनशें वर्षांत कांहीं फार बुद्धिमान् माणसांनीं आपलें डोकें चालविलें. त्यांत कोणाला यश आलें, कोणाला आलें नाहीं आणि कां आलें नाहीं, हें पाहूं लागलें म्हणजे काटकसर या शब्दाचाच अर्थ नव्यानें लावावा लागतो. तसा तो लावून पाहण्याचा प्रयत्न आम्हीं येथें केला आहे.

इ. स. १६७९ सालीं देनी पापँ नांवाच्या फ्रेंच विद्वानानें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें एक विलक्षण भांडें मांडलें. त्याचें झांकण मळसूत्रानें घट्ट आवळलेलें असे. आंत कोंडलेल्या वाफेच्या दाबामुळें पाणी नेहमींच्या उकळीच्या अंशावर न थांबतां त्याहून पुष्कळ अधिक तापे, आणि कठीण हाडांचाहि मऊ लगदा होऊन जाई. भांडें फुटूं नये म्हणून पापँनें त्यावर वजन ठेवलेली एक झडप बसविली; आज आपल्या घरीं शिट्टी देणारें जें वजन आपण पाहतों, त्याचें हें मूळ. १६८२ च्या एप्रिलांत सोसायटीच्या सभासदांनीं या भांड्यांत शिजलेलें जेवण घेतलें, आणि एवढा सारा पाक आठ औंसांहूनहि कमी कोळशांत झाला याचें जॉन एव्हलिन यानें आपल्या रोजनिशींत मोठ्या कौतुकानें टिपण केलें.

तत्त्व सिद्ध झालें. परंतु तें भांडें चुलीवर यावयास पुढें अडीचशें वर्षांहून अधिक काळ लोटला. जाड धातूचें तें अवजड यंत्र महाग होतें आणि त्याच्या स्फोटाची धास्ती वाटे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अल्युमिनियम स्वस्त झालें, झडपा भरंवशाच्या झाल्या, तेव्हां कोठें विसाव्या शतकांत प्रेशर कुकर घरोघर जाऊं लागला. मुंबईंत हॉकिन्स कुकरचा उद्योग सुरू झाला तो १९५९ सालीं. विद्वानाच्या टेबलापासून गृहिणीच्या ओट्यापर्यंतचें अंतर किती मोठें असतें, याचा हा पहिला धडा होय. कोणतीहि युक्ति केवळ खरी असून भागत नाहीं. जिला ती वापरावयाची तिच्या ऐपतींत आणि तिच्या धिरांत ती बसावी लागते.

पापँच्या मागून शंभर वर्षांनीं या प्रश्नाला कसोशीनें हात घातला तो बेंजामिन टॉम्प्सन ऊर्फ काउंट रम्फोर्ड यानें. १७५३ सालीं मॅसॅच्युसेट्समध्यें जन्मलेला हा गृहस्थ अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धांत इंग्रजांच्या बाजूस राहिला आणि पुढें बव्हेरियाच्या दरबारीं मोठ्या अधिकारास चढला. १७९० च्या जानेवारीच्या पहिल्याच तारखेस त्यानें म्यूनिक शहरांतील भिकाऱ्यांची धरपकड करविली, आणि उद्योगगृह उघडून त्यांना काम व जेवण देण्याची व्यवस्था लावली. रोज हजारांवर माणसांचें अन्न शिजवावयाचें म्हटल्यावर सरपणाचा आंकडा त्याच्या डोळ्यांत भरला. त्या काळच्या युरोपांतील स्वयंपाकघरांत मोठ्या उघड्या आगीवर भांडीं टांगलेलीं असत. बहुतेक उष्णता धुराड्यावाटे आकाशांत आणि उरलेली स्वयंपाक्याच्या अंगावर जात असे. रम्फोर्डनें विटांची बंदिस्त चूल बांधविली. प्रत्येक भांड्यास नेमका बसता खळगा, त्याखालीं लहानशी स्वतंत्र आग आणि हवा कमीअधिक करण्यास दार, अशी तिची रचना होती.

त्याच्या निबंधांत एक मौजेची हकीकत आहे. बटाटे वाळविण्याच्या भट्टींत मंद उष्णतेवर मांस शिजतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं त्यानें मेंढ्याचा एक खांदा तींत ठेविला. तीन तासांनीं पाहिलें तों शिजल्याचें लक्षण दिसेना. प्रयोग फसला असें समजून तो निघून गेला, आणि मांस रात्रभर भट्टींतच राहिलें. सकाळीं उघडून पाहतात तों तें उत्कृष्ट शिजलेलें! अन्न शिजविण्यास लागते ती जाळाची धडाडी नव्हे, तर पुरेशी उष्णता पुरेसा वेळ टिकविण्याची व्यवस्था, हें त्यानें यावरून हेरलें.

या गोष्टीमागील शास्त्र सोपें आहे. उघड्या भांड्यांतील पाणी एकदां उकळूं लागलें कीं खालीं जाळ कितीहि वाढविला तरी तें अधिक तापत नाहीं. वाढतो तो केवळ वाफेचा लोट. साधें थंड पाणी उकळीस आणण्यास जितकी उष्णता लागते, तिच्या सुमारें सातपट उष्णता तेंच पाणी सगळेंच्या सगळें वाफ करून उडविण्यास लागते. जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञानें अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही सुप्त उष्णता शोधून काढली. तेव्हां खळखळां उकळणारें उघडें पातेलें दिसावयास मोठें कामसू दिसलें, तरी तें अन्नाकरितां थोडें आणि छताकरितां फार राबत असतें. झांकण घालणें आणि उकळी येतांच आंच कमी करणें, या दोन साध्या संवयींत सरपण वांचविण्याचें निम्मेंअधिक शास्त्र सांठलेलें आहे.

येथवर रम्फोर्डची काटकसर निर्दोष होती. परंतु जी कसोटी त्यानें सरपणास लाविली तीच पुढें त्यानें पोटास लाविली. सातू, वाटाणे, बटाटे, पावाचे तुकडे, शिरका, मीठ आणि भरपूर पाणी यांचें जें सूप त्यानें भिकाऱ्यांसाठीं ठरविलें, तें रम्फोर्डचें सूप म्हणून युरोपभर प्रसिद्ध झालें, आणि अनेक शहरांतील धर्मार्थ भटारखान्यांनीं तें उचललें. त्यानें पोट भरल्यासारखें कां वाटतें, याचा विचार करतां करतां पाण्याच्या अंगींच पोषणाची शक्ति असली पाहिजे, अशी उपपत्ति त्यानें मांडली. ती अर्थातच खोटी होती. पाण्यानें पोटास तड लागते, शरीर धरत नाहीं. स्वतः उत्तम जेवणाऱ्या दरबारी माणसानें दुसऱ्याच्या भुकेची काटकसर करावयास घेतली म्हणजे असें होतें.

काटकसरीच्या दोन जाती आहेत, हें या एकाच माणसाच्या चरित्रांत स्पष्ट दिसतें. जें कोणाच्याच उपयोगीं न पडतां वांयां जात आहे तें थांबविणें ही एक जात. आणि जें कोणाला तरी हवें आहे तें त्याच्या पानांतून काढून घेणें ही दुसरी. वहींत दोहोंची नोंद सारखीच होते, कारण दोहोंनींहि पैसे उरतात. म्हणूनच त्यांची गल्लत करणें फार सोपें असतें.

पहिल्या जातीची एक सुंदर युक्ति १८६७ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनांत लोकांपुढें आली. योहान सोरेन्सेन या नॉर्वेकरानें आंतून नमद्याचें जाड अस्तर लावलेली एक पेटी तेथें मांडली होती. अन्नास चुलीवर उकळी आणावयाची आणि झांकलेलें भांडें या पेटींत बंद करून ठेवावयाचें. पुढचें काम कोंडलेली उष्णताच करी. गरिबांनीं नमद्याऐवजीं वाळलेलें गवत भरलें, आणि गवतपेटी या नांवानें ती युक्ति दोन्ही महायुद्धांच्या काळांत इंग्लंडमधील घरांत वापरली गेली. कारखान्यावर कामास जाणाऱ्या बाईनें सकाळीं पेटी बंद करावी आणि घरीं परत येऊन ऊन जेवण काढावें, हा तिचा मोठा गुण. सरपणाबरोबर ती बाईचा वेळहि वांचवीत होती.

आपल्याकडे असाच शोध कलकत्त्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनीं १९१० च्या सुमारास लाविला. त्यांच्या कुकरांत खालीं थोडे पेटते कोळसे, त्यावर पाणी आणि वर एकावर एक रचलेले डबे असत. भात, वरण आणि भाजी एकाच वाफेवर सावकाश शिजे, आणि कोणी राखण बसावें लागत नसे. इकॉनॉमिक आणि हायजिनिक या दोन शब्दांचा संधि करून त्याचें नांव इकमिक ठेवलें गेलें. शिक्षणासाठीं वा नोकरीसाठीं परगांवीं एकट्यानें राहणाऱ्यांना या जातीच्या कुकरानें मोठाच आधार दिला. पुढें स्टो आला, गॅस आला, प्रेशर कुकर आला, आणि कोळशाचा कुकर अडगळींत गेला. परंतु एका आंचेवर तीन पदार्थ करण्याची त्याची शिकवण आजच्या प्रत्येक कुकराच्या डब्यांत जिवंत आहे.

आणि खरें पाहिलें असतां हें ज्ञान आपल्या घरांत परदेशांतूनच आलें असें नव्हे. मुख्य चुलीशेजारीं वैल ठेवण्याची आपली जुनी चाल काय सांगते? पुढच्या भांड्याखालून निघालेली आंच वांयां न जाऊं देतां तिच्यावर आमटी ऊन ठेवावी किंवा दूध तापवावें, हेंच ना? भाजीवर पाण्याचें ताट झांकण म्हणून ठेवावयाचें, भाजीची वाफ त्याच्या बुडाशीं थंड होऊन पुन्हां भाजींत उतरावयाची, आणि ताटांतील कोमट झालेलें पाणीच लागेल तसें भाजींत घालावयाचें, ही रीत ज्या कोणा अज्ञात स्त्रीनें प्रथम काढली, तिला सुप्त उष्णतेचा सिद्धांत शब्दांनीं माहीत नसेल, परंतु व्यवहारानें तो तिला पुरता अवगत होता. रात्रीं डाळी-कडधान्यें भिजत घालणें, स्वयंपाक आटोपल्यावर उरलेल्या निखाऱ्यांत रताळें किंवा वांगें पुरून ठेवणें, या सर्व रीतींचा अर्थ तोच. पापँ आणि रम्फोर्ड यांचीं नांवें ग्रंथांतरीं राहिलीं. या बायकांचीं राहिलीं नाहींत, एवढाच फरक.

अन्नाच्या बाबतींत मात्र आपल्या संवयी तितक्या निर्दोष नव्हत्या. गिरणींत पांढराशुभ्र केलेला तांदूळ प्रतिष्ठेचा मानला जाऊं लागला, आणि कोंड्याबरोबर तांदळाचें मोलाचें सत्त्व उकिरड्यावर किंवा गुरांच्या दावणीस गेलें. १८९० नंतरच्या दशकांत जावा बेटावर काम करणाऱ्या क्रिस्तियान आइकमान या डच वैद्याच्या ध्यानांत आलें कीं सडलेल्या पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा रोग होतो, आणि कोंडा दिला म्हणजे त्या बऱ्या होतात. या शोधाबद्दल त्यांना १९२९ च्या नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. कोंकण-गोव्याकडचा उकडा तांदूळ या दृष्टीनें शहाणा ठरतो. भात सालीसकट उकडल्यानें कोंड्यांतील जीवनसत्त्व दाण्याच्या आंत मुरतें आणि मागाहून सडतांना तें सर्वच निघून जात नाहीं. ज्या घरीं वेळून काढलेली पेज फेकून न देतां मुलांना पाजीत, त्या घरानेंहि तेंच शहाणपण केलें. बाजारांत अधिक दाम देऊन पांढरें धान्य आणावयाचें, आणि त्यांतून जें गेलें तें औषधाच्या दुकानांतून गोळ्यांच्या रूपानें परत विकत घ्यावयाचें, याला खर्चिकपणा म्हणावें कीं अडाणीपणा, हें वाचकांनींच ठरवावें.

पोटाची काटकसर राष्ट्राच्या प्रमाणावर करण्याची वेळ दुसऱ्या महायुद्धानें आणली. इंग्लंडांत ८ जानेवारी १९४० पासून लोणी, साखर आणि डुकराचें खारवलेलें मांस यांवर नियंत्रण बसलें. पुढें आणखी जिन्नस त्यांत आले, आणि शेवटचें नियंत्रण उठलें तें १९५४ च्या जुलैंत. परंतु येथें रम्फोर्डची चूक पुन्हां झाली नाहीं, कारण मध्यंतरीं आहारशास्त्र जन्मास आलें होतें. १९४२ पासून सर्वांना मिळणारा पाव गव्हाचा पुष्कळसा कोंडा राखलेल्या पिठाचा असे. लोकांनीं त्याच्या करड्या रंगाबद्दल कुरकूर केली, पण तो पांढऱ्या पावाहून पौष्टिक होता. मुलांना आणि गर्भवतींना दूध आधीं मिळे. श्रीमंताच्या व मजुराच्या शिधापत्रिकेंत भेद नव्हता. पानांतले पदार्थ कमी झाले, तरी गरिबांचें पोषण युद्धापूर्वींहून सुधारलें.

हिंदुस्थानांत याच काळाचीं दोन चित्रें शेजारीं ठेवून पाहण्यासारखीं आहेत. मुंबई शहरांत मे १९४३ मध्यें धान्याचें रेशनिंग सुरू झालें. मुंबई इलाखा धान्याच्या बाबतींत तुटीचा. पण असलेलें धान्य मोजून वांटलें गेल्यामुळें शहर तगलें. त्याच वर्षीं बंगालमध्यें वांटणीची व्यवस्था वेळेवर झाली नाहीं. कलकत्त्यांत रेशनिंग आलें तें १९४४ च्या जानेवारीच्या अखेरीस. तोंपर्यंत बंगालचीं खेडीं उजाड झालीं होतीं, आणि त्या दुष्काळांत मेलेल्यांची गणना वीस ते तीस लाखांच्या घरांत केली जाते. दोन प्रांतांच्या परिस्थितींत इतरहि भेद होते, हें आम्ही विसरत नाहीं. तरी एवढें म्हणतां येईल कीं कमी असलेलें अन्न सर्वांनीं मिळून पुरवून खाल्लें तर ती काटकसर होते. आणि कांहींनींच उपाशी राहून बाकीच्यांचें पुरलें तर तिला दुसरें नांव द्यावें लागतें.

आतां पुन्हां चुलीकडे वळूं. महात्मा गांधींच्या प्रेरणेनें १९३४ च्या अखेरीस निघालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचें ठाणें वर्ध्यास मगनवाडींत होतें. तेथें १९४७ च्या सुमारास जी सुधारलेली मातीची चूल तयार झाली, ती मगन चूल या नांवानें ओळखली जाते. धूर बाहेर नेणारी नळी आणि एका आगीवर एकाहून अधिक भांडीं, हे तिचे विशेष. पुढें १९५३ सालीं हैदराबादचे डॉ. राजू यांनीं निर्धूर चुलीचा पुरस्कार केला. १९८३ सालीं भारत सरकारनें सुधारित चुलींची राष्ट्रीय योजना हातीं घेतली, आणि २००२ मध्यें ती आवरेपर्यंत तीन कोटींहून अधिक चुली वांटल्याची नोंद झाली.

त्या चुलींचें झालें काय? पुष्कळ ठिकाणीं नळ्या काजळीनें तुंबल्या, तडे बुजविले गेले नाहींत, आणि थोड्याच वर्षांत घरांत पुन्हां तीन दगडांची चूल मांडली गेली. ओरिसांतील खेड्यांत अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो व त्यांचे सहकारी यांनीं केलेली दीर्घ पाहणी २०१६ सालीं प्रसिद्ध झाली. तींतहि हेंच आढळलें. प्रयोगशाळेंत सरपण वांचविणारी चूल घरांत कांहीं काळानें तें वांचवीत नव्हती, कारण तिची निगा राखली जात नव्हती आणि तिचा वापरहि कमी होत गेला होता. दोष बायकांच्या आळसाचा नव्हे. भाकरी भाजण्यास किती रुंद तोंड हवें, मोठें भांडें बसतें कीं नाहीं, नळी साफ करावयास छपरावर कोणीं चढावयाचें, हे प्रश्न चूल आंखणाऱ्यांनीं चूल पेटविणारीला पुरेसे विचारलेच नव्हते.

याच्या मागें आणखी एक खोल कारण आहे. खेड्यांतील सरपण पुष्कळदां विकत घ्यावें लागत नाहीं. तें बाई डोक्यावरून आणते. त्यामुळें घरच्या हिशेबांत त्याची किंमत शून्य धरली जाते. तिचे मैल, तिची मान, तिचे डोळे आणि धुरानें भरलेलीं तिचीं फुप्फुसें यांचा खर्च कोणत्याच सदरांत पडत नाहीं. घरांतील धुरामुळें होणाऱ्या रोगांनीं २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लाख माणसें दगावलीं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. जी वस्तु फुकट म्हणून वापरली जात होती ती किती महाग होती, हें या एका आंकड्यावरून उमगावें.

१ मे २०१६ रोजीं उज्ज्वला योजना सुरू झाली ती या पार्श्वभूमीवर. आठ कोटी कुटुंबांना गॅसची जोडणी देण्याचा संकल्प सप्टेंबर २०१९ मध्यें, तेव्हांच्या औरंगाबादेस झालेल्या समारंभांत, पूर्ण झाल्याचें जाहीर झालें. कामगिरी लहान नव्हे. परंतु त्याच वर्षींच्या महालेखापरीक्षकांच्या अहवालावरून दिसतें कीं या कुटुंबांचा सिलिंडरांचा वापर वर्षास सरासरी तीनांच्या आसपासच होता. तीन सिलिंडरांत वर्षाचा स्वयंपाक होत नाहीं. म्हणजे शेगडी आली तरी धुराची चूल विझली नव्हती. सिलिंडराचे रोख पैसे वांचविण्यासाठीं ती पेटतच होती. घराची ही बचत, आणि बाईचा हा खर्च! एकाच घरांत एकाच चुलीवर या दोन्ही नोंदी होतात. लिहिली जाते ती फक्त पहिली.

एवढा इतिहास पाहिल्यावर घरगुती काटकसरीची एक कसोटी हातीं येते, असें आम्हांस वाटतें. पातेल्यावर झांकण घालावें, कडधान्यें आदल्या रात्रीं भिजवावीं, रुंद बुडाचें भांडें घ्यावें, ज्योत बुडाबाहेर जाऊं देऊं नये, कुकरांत डबे एकावर एक लावून एका आंचेवर सर्व शिजवावें, उकळी येतांच आंच मंद करावी आणि पदार्थ शिजत आला कीं ती थोडी आधींच बंद करून उरलेलें काम आंतल्या उष्णतेवर सोंपवावें. यानें छताकडे जाणारी उष्णता घरांत राहते, आणि कोणाचेंच कांहीं जात नाहीं. उलट, बाकीच्यांचें जेवण आटोपल्यावर उरेल तें गृहिणीनें खावें, मुलांच्या दुधांत पाणी वाढवावें, किंवा धुणेंभांडीं करणाऱ्या बाईच्या पगारांतून महागाईची भरपाई करावी, यानेंहि महिन्याअखेर चार पैसे उरतात. पण ते कोणाच्या तरी अंगांतून काढलेले असतात.

आपल्या मध्यमवर्गीय घरांत अशी उपासमार आतां बहुधा दिसत नाहीं. तरी महागाईचा चटका बसला म्हणजे पहिला हात कोठें जातो, हें प्रत्येक घरानें एकदां पाहून घ्यावें. वहींत बचतीचा आंकडा मांडतांना त्याच्यासमोर आणखी एक सदर आंखून ठेवावें, आणि ही बचत कोठून आली तें तेथें लिहावें. वाफेतून, कोंड्यांतून, फेकल्या जाणाऱ्या पेजेंतून आली असेल, तर तिचा अभिमान बाळगण्यास हरकत नाहीं. तेथें घरांतल्या कोणा माणसाचें नांव लिहावें लागलें, तर ती रक्कम जमेच्या बाजूस धरूं नये.